एस्केप, कंस, आठ, एम

...नाही, पण मी म्हणतो, अर्ज करायचाच कशाला? तुम्हीच सांगा! बावीस वर्षं माणूस एकाच खुर्चीत बसलाय, खुर्चीची गादी तीनदा बदलली, माणूस बदलला नाही, साहेबांच्या केबिनच्या काचेतून त्याचं डोकं रोज दिसतंय, आधी काळं दिसायचं, आता टक्कल दिसतं, तरी त्यानंच कागद घ्यायचा आणि 'महोदय, मी आपल्याच काचेबाहेर बसतो' असं लिहायचं? आणि आता जो उठतो तो मलाच विचारतो, "अहो, पण तुम्ही अर्ज का नाही केलात?" बायको विचारते, मेव्हणा विचारतो, परवा दाढी करताना न्हावी विचारत होता, वस्तरा गळ्यावर ठेवून! म्हटलं, बाबा, आधी हा गाल पुरा कर, मग सांगतो.

तर तुम्हालाही सांगतो. बसा. फार वेळ नाही घेणार... घेईन थोडा.

आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं. शहरभर वीस पंपघरं आणि प्रत्येकात एक टर्मिनल. टर्मिनल म्हणजे तुमचा कॉम्प्युटर नव्हे हो! काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, खाली कीबोर्ड, संपलं. चित्र नाही, गाणं नाही, माउस नाही. डोकं तर त्याला नाहीच, डोकं मुख्य ऑफिसातल्या मोठ्या मशीनमध्ये, आणि त्या मशीनसमोर मी. रोज सकाळी सहाला मी सूचना टाइप करायची, 'पूर्वेच्या टाकीचा व्हॉल्व्ह सात ते नऊ बंद', ती आधी साहेबांच्या केबिनमध्ये जायची. साहेबांना पडद्यावर वाचवत नाही, डोळे चुरचुरतात, म्हणून तिथे एक प्रिंटर, तो कर्रर्र कर्रर्र करत ती कागदावर काढायचा, साहेब चहा पीत वाचायचे, मग एका बोटानं 'मंजूर' असं टाइप करून मला परत पाठवायचे, की मी सोडली वीस पडद्यांवर. एवढंच काम. पण एवढ्याशा कामात अर्ध्या शहराच्या आंघोळी अडकलेल्या!

आता गंमत अशी, की या टर्मिनलला नुसती अक्षरं पाठवून भागत नाही. त्याला हुकूमही द्यावे लागतात, तेही अक्षरांच्या मधेच. एस्केपची कळ, चौकोनी कंस, एक आकडा, एक इंग्रजी अक्षर. आकडा पाच घातलात आणि पुढे एम, की पुढची अक्षरं लुकलुकायला लागतात. सात घातलात तर उलटं, हिरव्यावर काळं. दोन आणि मोठा जे, की अख्खा पडदा साफ! मी बायकोला म्हटलंसुद्धा, संसारात असा एक जे पाहिजे होता. ती म्हणाली, "असता तर मी कधीच दाबला असता." तो विषय तिथेच संपला.

पण यातला मुख्य नियम काय? जे चालू कराल ते चालूच राहतं. तुम्ही लुकलुक चालू केलीत आणि शेवटी शून्य घालून बंद नाही केलीत, की पुढचं सगळं लुकलुकत बसणार. टर्मिनल स्वतःहून काही बंद करत नाही. आमच्या मेव्हण्यासारखं. एकदा बोलायला लागला की... असो.

तर हे सगळं मला कुठून माहीत? मॅन्युअल! एवढं जाडजूड, माझ्या कपाटात, माझ्याशिवाय त्याला कोणी हात लावला नाही. म्हणजे एकदा आठवडाभर गायब झालं होतं, परत आलं तेव्हा आत एका पानावर कपाचा गोल डाग. मी म्हटलं, कंगवा! दुसरं कोण?

कंगवा म्हणजे आमचा सहकारी. लोकांच्या खिशाला पेन असतं, याच्या खिशाला कंगवा. माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेला! आणि अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी साहेब बाहेर आले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "यांना पर्यवेक्षक करण्यात येत आहे." यांना म्हणजे कंगव्याला! मी उभाच राहिलो. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्ज एकच आला होता." आणि कंगव्यानं केसांतून कंगवा फिरवला. हळू. दोनदा.

तुम्हाला सांगतो, त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूचना टाइप करायला बसलो, मॅन्युअल उघडलं, उगाच, राग आला की माणूस काहीतरी उघडतो, तर पान एकशे चौदा. आठ आणि एम. काय होतं त्यानं? मजकूर लपतो! म्हणजे अक्षरं जातात, पडद्यावर जागा घेऊन बसतात, पण दिसत नाहीत. काळ्यावर काळं. शून्य येईपर्यंत. आता मला सांगा, ही सोय ज्यानं केली त्याला काय म्हणायचं? मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, पासवर्डसाठी. पासवर्ड! असली गोष्ट पासवर्डवर वाया घालवायची?

मी टाइप केलं, 'पूर्वेच्या टाकीचा व्हॉल्व्ह सात ते नऊ बंद.' मग इकडेतिकडे बघितलं. एस्केप, कंस, आठ, एम. आणि पुढे, 'साहेबांचं डोकं कायमचं बंद.' एस्केप, कंस, शून्य, एम. पडद्यावर बघतो तर काय, पहिली ओळ आहे आणि पुढे नुसता काळा अंधार! काही नाही! पण दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच असतं! दिली पाठवून. काचेतून बघतोय. साहेबांनी कप उचलला, कागद घेतला, आणि ठसका लागला त्यांना. चांगला जोरात. म्हटलं, लागायचाच, वय झालं. आणि मिनिटभरात माझ्या पडद्यावर उत्तर, 'मंजूर'.

मंजूर! अहो, स्वतःच्या डोक्याला स्वतःच मंजुरी दिली या माणसानं!

मग काय विचारता... अकरा वर्षं. रोज. सुट्टी सोडून. 'आज पाण्याचा दाब कमी राहील', आणि आत, 'माझ्यावर जास्त आहे.' 'उत्तरेच्या पंपाची मोटार गरम होते, लक्ष ठेवा', आत, 'कंगवाही गरम होतो, लक्ष देऊ नका.' साहेब नवा शर्ट घालून आले त्या दिवशी, 'खिडकीचा पडदा चोरीला गेलाय, साहेबांची झडती घ्या.' डॉक्टर म्हणाले, "तुमचं ब्लडप्रेशर एकदम छान झालंय, काय करता?" म्हटलं, पाणीपुरवठा.

नाही म्हणजे, सगळ्या शिव्याच होत्या असं नाही हां. वहिनी, म्हणजे साहेबांच्या मिसेस, एकदा महिनाभर हॉस्पिटलात होत्या. साहेब स्वतः डबा करून आणायचे, त्यात मीठ नसायचं, काचेतून तोंड बघूनच कळायचं. तेव्हा मी आत लिहिलं होतं, 'वहिनींना लवकर बरं वाटू दे. हा माणूस अळणी खाऊन मरेल.' मनापासून लिहिलं होतं. तेही लपवूनच. चांगलं बोलायची तर आणखीच लाज वाटते हो माणसाला!

एकदा मात्र फजिती झाली. आतलं लिहिलं आणि शून्य घालायचं विसरलो. झालं! वीस पंपघरांत त्यापुढची एकही ओळ दिसेना. फोनवर फोन. टेकडीच्या टाकीवरचा तो दाढीवाला, "पडदा मेला! चपलेनं मारून बघितलं, तरी उठत नाही!" म्हटलं, मारू नका, बंद करून परत चालू करा, केबल सैल झालीय. बंद करून चालू केलं की टर्मिनल सगळे हुकूम विसरतं, बरं का. वीसच्या वीस पडदे जागे झाले. आणि त्याबद्दल मला काय मिळालं असेल? 'तत्पर सेवा' म्हणून प्रमाणपत्र! साहेबांच्या सहीचं! फ्रेम करून लावलंय घरी.

आता साहेबांचीही एक खोड सांगतो. कधीकधी त्यांचं 'मंजूर' यायचं आणि त्याच्यापुढे मोठी मोकळी जागा. ओळ-दीड ओळ नुसतीच कोरी, आणि कर्सर तिकडे लांब जाऊन उभा. मी घरी नक्कल करून दाखवायचो. साहेब असे बसलेत, एक बोट 'मंजूर' शोधतंय, आणि अंगठा स्पेसबारवर झोपलाय, घोरतोय! बायको हसली नाही. म्हणाली, "साहेब एवढे शिकलेले, त्यांचा अंगठा कशाला झोपेल?" बायकांना विनोद कळत नाही, असं मी म्हटलं. तुमच्यासमोर कबूल करतो, असं म्हटलं मी.

तर आता या वर्षावर येतो. साहेब रिटायर. कंगवा साहेबांच्या जागी. म्हणजे पर्यवेक्षकाची खुर्ची रिकामी! आणि ज्येष्ठ कोण? मी! बोर्डावर कागद लागला, इच्छुकांनी अर्ज करावेत, मुदत शुक्रवार. बायको म्हणाली, "करा की अर्ज." मी म्हटलं, नाही. मागून घेतलेला मान तो काय मान? साहेबांना डोळे आहेत. काचेतून दिसतोय मी. बोलावतील. "बोलावतील!" ती म्हणाली, "आपल्या लग्नात स्वतःच्या पंगतीला तुम्हाला तीनदा बोलवावं लागलं होतं, चौथ्यांदा माझे वडील उठले!" बघा, कुठली गोष्ट कुठे काढली.

पण खरं सांगू? मला ती खुर्ची हवी होती. फार हवी होती. वर काही मिळतं म्हणून नव्हे हो, तर एकदा, एकदाच, साहेबांनी काच सोडून बाहेर यावं आणि सगळ्यांसमोर म्हणावं, यांना करण्यात येत आहे. यांना म्हणजे मला. एवढंच. जीव टांगणीला लागला होता माझा.

बुधवारी साहेबांचं 'मंजूर' आलं, पुढे ही एवढी मोकळी जागा! दोन-अडीच ओळी! म्हटलं, शेवटच्या आठवड्यात अंगठा अगदीच गाढ झोपला. शुक्रवार उजाडला. मी दिवसभर काचेकडे बघतोय. आणि गंमत म्हणजे साहेबही माझ्याकडेच बघतायत! चार वाजता त्यांनी काचेतून बोट केलं, माझ्या पडद्याकडे. मी बघितलं, पडद्यावर धूळ होती खरी. रुमाल काढला, चांगला खसाखसा पुसला. साहेबांकडे बघून मान डोलावली. साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हटलं, उकडत असेल.

पाच वाजले. मुदत संपली. बोलावलं नाही.

सोमवारी समारंभ. साहेबांचा निरोप आणि नव्या मशीनचं उद्घाटन, एकाच खर्चात दोन कामं. सकाळची सूचना गेल्या गेल्या जुनी टर्मिनलं काढून रंगीत कॉम्प्युटर बसवलेले, भिंतीवर हा एवढा मोठा पडदा, वीस पंपघरांची माणसं खुर्च्यांवर, आणि ते सगळं बसवणारी इंजिनिअर बाई, चाळिशीची, भलतीच हुशार, माझ्याजवळ येऊन म्हणते, "काका, तुमच्या जुन्या सूचना सगळ्या आणल्यात हां नव्या मशीनवर. अकरा वर्षांच्या. एक अक्षर सुटलं नाही."

मी म्हटलं, "एकही?"

"एकही नाही! फक्त त्यात मधेमधे जुनी कचऱ्यासारखी चिन्हं होती ना, एस्केप, कंस, आठ, शून्य, ती सगळी काढून टाकली. नुसता मजकूर ठेवलाय. एकदम स्वच्छ!"

स्वच्छ! अहो, पायाखालची जमीन म्हणतात ना, ती सरकत नाही. ती जागेवर असते. आपणच खाली जातो! मी म्हटलं, बाई, आधी चहा घेऊ. भाषणं होऊ देत. फीत कापू. दोन फिती कापू! पण कंगवा! कंगवा उठला, केस सारखे केले, आणि म्हणाला, "साहेब, कुठलीही एक तारीख सांगा, बघू या मशीन काय दाखवतं!"

आणि साहेबांनी तारीख सांगितली. कुठली सांगितली असेल? अकरा वर्षांपूर्वीची. नेमकी ती! दिवसासकट!

भिंतीवर आलं. वीतभर उंचीची अक्षरं. 'पूर्वेच्या टाकीचा व्हॉल्व्ह सात ते नऊ बंद. साहेबांचं डोकं कायमचं बंद. मंजूर.'

 मग टेकडीच्या टाकीवरचा दाढीवाला फुटला. हसतोय, हसतोय, खुर्चीवरून घसरला. बाईला वाटलं मशीन बिघडलं, तिनं घाईघाईनं दुसरी तारीख काढली, 'खिडकीचा पडदा चोरीला गेलाय', तिसरी काढली, 'कंगवाही गरम होतो.' कंगव्याचा हात केसांतच राहिला. मी उभा राहून म्हटलं, "साहेब..."  बावीस वर्षांची नोकरी, घरी भिंतीवर फ्रेम, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

साहेब उठले. शांत. म्हणाले, "बसा हो. हे मी रोज वाचलंय."

मी म्हटलं, "कसं?"

"कागदावर," साहेब म्हणाले. "प्रिंटरला लपवता येत नाही. त्याला जे येईल ते तो छापतो."

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, मी अकरा वर्षं पातेलंच्या पातेलं रिकामं केलं होतं, आणि मालक समोर बसून चहाबरोबर बघत होता! प्रिंटर! तो कर्रर्र कर्रर्र करणारा! रोज माझ्या कानांदेखत!

"पहिल्या दिवशी राग आला," साहेब म्हणाले, "दुसऱ्या दिवशी हसू आलं. मग सवय लागली. आमच्या घरातलं आजारपण चालू होतं, तेव्हा एक ओळ आली होती. तो कागद अजून ठेवलाय पाकिटात."  मी खाली बघितलं. सांगतो ना, चांगलं उघडं पडलं की जास्त लाजायला होतं.

मग साहेब बाईकडे वळले, "आता गेल्या बुधवारचं काढा. माझं उत्तर."

बाईनं काढलं. वीतभर अक्षरं. 'मंजूर. पर्यवेक्षकाच्या जागेसाठी अर्ज दे. मुदत शुक्रवार. निवड करणाऱ्यानं कोणाला अर्ज कर म्हणू नये असा नियम आहे, म्हणून तोंडानं सांगता येत नाही. ही माझी शेवटची सही आहे, गाढवा.'

तीन वर्षांपूर्वीचं काढलं. 'मंजूर. पश्चिम विभागात जागा निघतेय. अर्ज दे.' सात वर्षांपूर्वीचं. 'मंजूर. मॅन्युअल परत ठेवलंय, डागाबद्दल माफ कर. जागा निघाली आहे. अर्ज दे.'

अंगठा झोपला नव्हता हो! अंगठा जागा होता! झोपलो होतो मी! आणि काय माणूस बघा, बावीस वर्षं तोंडानं 'अहो' आणि आत लपवून 'गाढवा'! इतक्या मायेनं मला घरातसुद्धा कोणी गाढव म्हटलेलं नाही.

मी म्हटलं, "साहेब, मला दिसलं नाही..."

साहेब म्हणाले, "तुम्हाला दिसलं नाही? अहो, ही भाषा मी तुमच्याकडून शिकलो. तुमचीच भाषा तुम्हाला वाचता येत नसेल, असं मला कसं वाटावं?"

काय सांगणार होतो? की साहेब, मला वाटायचं, आत काहीतरी असतं ते फक्त माझ्या? बाकीच्या जगाच्या मोकळ्या जागा मोकळ्याच असतात? अकरा वर्षं रोज म्हणत होतो, दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच असतं, आणि ते दुसऱ्यालाही लागू आहे हे डोक्यात नाही आलं! खरंच कायमचं बंद कोणाचं होतं, ते भिंतीवर लिहिल्यासारखं स्पष्ट झालं. भिंतीवर लिहिलेलंच होतं म्हणा.

मग कंगव्यानं निवडीचं बंद पाकीट फोडलं. "पर्यवेक्षकपदी..." आणि टेकडीच्या टाकीवरच्या दाढीवाल्याचं नाव घेतलं. तोच, चपलेनं मारून बघणारा! कंगवा माझ्याकडे न बघता म्हणाला, "अर्ज एकच आला होता."

सगळे खायला गेले तेव्हा मी एकटा त्या नव्या मशीनपाशी बसलो आणि त्याच सकाळचं साहेबांचं उत्तर काढलं. शेवटचं 'मंजूर'. सकाळी मी ते बघितलं होतं, पुढे मोकळी जागा होती, आणि मी म्हटलं होतं, झोपला बघा परत. आत लिहिलं होतं, 'निघतो. अर्ज दिला नाहीस, तुझी मर्जी. उद्यापासून चहाबरोबर वाचायला काही नाही.'

रडलो का? नाही. नव्या पडद्याला चकाकी फार, डोळे चुरचुरतात. साहेबांचं बरोबर होतं.

तर आता असं आहे. रोज सकाळी सहाला सूचना टाकतो, नुसती, वर व्हॉल्व्ह आणि खाली काही नाही, नव्या मशीनवर लपवायची सोयच ठेवलेली नाही. ती जाते आता पर्यवेक्षकांकडे, कंगव्यानं ते काम खाली ढकललंय, ते दाढी खाजवत मंजूर करतात. मग मी व्हरांड्यात येऊन साहेबांच्या घरी फोन लावतो. साहेब उचलतात. मी तोंडानं, स्पष्ट, एक शिवी घालतो. पलीकडून कपाचा आवाज येतो, मग ठसका, मग साहेब म्हणतात, "मंजूर," आणि फोन ठेवतात. वहिनी म्हणतात, फोन यायला उशीर झाला तर साहेब चहा गार होऊ देतात.

बायको म्हणते, "जाऊ द्या, कुठेतरी अजून बढतीची एखादी जागा असेल, नीट बघा." बघतो ना! रोज नव्या पडद्यावरच्या मोकळ्या जागेवर माउस फिरवून फिरवून बघतो, वरपासून खालपर्यंत. दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच...

नाही हो. या वेळी खरंच नाहीये.